वेल्ह्याच्या देवीला एकदाच विचारावं

वेल्ह्याला जायचं मी ठरवलं नव्हतं, माझ्या वडिलांनीही नव्हतं. ते देवानं ठरवलं. आमच्या घरात सगळंच देव ठरवायचा. त्यानं काय ठरवावं, तेवढं फक्त नाना सुचवायचे.

नाना भोर संस्थानच्या कचेरीत कारकून होते. त्यांना बढती मिळाली की ती देवाची इच्छा आणि शेजारच्या टेबलावर मिळाली की तो वशिला. मी अकरा वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली, बाळही गेलं, तेव्हाही नाना देवाची इच्छा म्हणाले आणि घरातलं बोलणं तिथंच संपलं. पुढं सतराव्या वर्षी मी पुण्याच्या इस्पितळात नर्सिंग शिकायला जाण्याचा हट्ट धरला. नानांनी नकार दिला नाही. नकाराला कारण द्यावं लागतं. ते म्हणाले, वेल्ह्याच्या देवीला कौल लावू, ती सांगेल तसं. शिरवळच्या एका बिजवराला त्यांनी आधीच शब्द दिला होता, ही गोष्ट देवीच्या कानावर घालायची राहून गेली असावी.

मार्गशीर्षात निघालो. तुम्हाला जायचं असेल तर हाच महिना निवडा. भात कापून झालेलं असतं, ओढ्यांना पाणी असतं पण वाट अडवण्याइतकं नसतं. भोरहून सकाळची सर्व्हिस मोटार नसरापूरपर्यंत नेते. मोटार किती वाजता सुटते, हे ड्रायव्हर सोडून कुणी सांगू शकत नाही आणि तो सांगत नाही. मी पुढच्या बाकावर एका बाईच्या कोंबड्यांशेजारी बसले. नाना माळ ओढत मागं बसले होते. कापूरहोळच्या वळणावर मोटार कलली तेव्हा त्यांनी देवाचं नाव मोठ्यानं घेतलं. मोटार सरळ झाल्यावर ते ड्रायव्हरला बोलले. श्रेय आणि दोष कुणाकुणाला द्यायचे, याचा त्यांचा हिशेब कधी चुकत नसे.

नसरापूरला विंझरकडं जाणारी बैलगाडी मिळाली. गुंजवणीच्या काठाकाठानं रस्ता जातो. रस्ता म्हणायचं ते शिष्टाचार म्हणून. आम्ही निम्मी वाट गाडीत होतो आणि निम्मी वाट गाडीला मागून ढकलत होतो. पण खळ्यांवर झोडलेल्या आंबेमोहोराचा वास येत होता, बांधावर बगळे उभे होते, आणि डावीकडं राजगड असा काही उभा होता की थोडा वेळ मी नानांवर चिडायचं विसरले.

मुक्काम विंझरला नानांच्या ओळखीच्या एका पाटलांकडं केला. पाटलीणबाईंनी गरम भाकरी आणि पावट्याची आमटी पुढं केली. नाना म्हणाले, आम्ही दुसऱ्याच्या हातचं खात नाही. मग पाटलांचेच तांदूळ, त्यांचीच डाळ आणि त्यांचंच सरपण घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात मी चूल पेटवली, आणि आमचा धर्म वाचला. नाना हात धुवायला गेले तेव्हा पाटलीणबाईंनी माझ्या हातात भाकरीचा तुकडा ठेवला. मी तो खाल्ला. एवढी चांगली भाकरी त्यानंतर मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालत वेल्ह्याला पोचलो. तोरण्याच्या पायथ्याचं हे गाव. देऊळ साधं, बसकं, कौलारू. पुढं दीपमाळ, आत शेंदूर लावलेली देवी. गुरव म्हातारे होते. सगळे त्यांना सखोबाबा म्हणत. आम्ही गेलो तेव्हा ते देवीसमोर नुसते बसले होते. मंत्र नाही, माळ नाही. मला वाटलं डुलकी लागली असेल. नाना खाकरले तसे ते उठले, नानांकडं बघितलं, मग माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

कौल कसा असतो ते सांगते. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नानांनी प्रश्न असा घातला की मुलगी हट्टानं घर सोडून पुण्याला परक्या लोकांची घाण काढायला जाते म्हणते, तर तिला जाऊ द्यावं का? कचेरीत अर्ज फेटाळायचा असला की ते असंच लिहीत.

उजवी पाकळी लगेच पडली. सखोबाबांचा हात पुरता मागं आलाही नव्हता.

नाना म्हणाले, वारा होता. वारा नव्हता, समईची ज्योत सरळ होती. मग ते म्हणाले, पाकळी जड होती, परत लावा.

सखोबाबांनी पाण्याची वाटी उचलली आणि बाजूला ठेवून दिली. नाना हसले, जरा जवळ सरकले आणि अगदी गोड आवाजात देवळाच्या इनाम जमिनीचा विषय काढला. सखोबाबांच्या मुलाच्या नावावर वहिवाट लावायचा कागद आपल्याच टेबलावर आहे, म्हणाले. मी तिथंच उभी होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ठावं हाय," सखोबाबा म्हणाले. "मागच्या बारीला बी कागद तुमच्याच टेबलावर व्हता. म्हनूनशान तवा म्या तीनदा लावला."

नाना म्हणाले, चला, उशीर होतोय.

मी जागची हलले नाही. मागच्या वेळी काय विचारलं होतं, असं मी विचारलं. सखोबाबांनी नानांकडं बघितलं, जणू सांगायचं काम त्यांचं होतं. नाना दीपमाळेकडं बघत राहिले. तेव्हा म्हाताऱ्यानंच सांगितलं. आईला सातवा महिना होता, अंगावर सूज होती. डॉक्टर म्हणत होते, बाळंतपणाला पुण्याच्या इस्पितळात न्या. नाना विचारायला आले. उजवी पडली. नानांनी परत लावायला सांगितलं. उजवी पडली. तिसऱ्यांदा डावी पडली आणि नाना समाधानानं घरी आले.

"देवीनं दोनदा सांगितलं, पोरी. आमी दोगांनी आयकलं न्हाई. ह्यांनी एक पाप केलं, म्या एक केलं. तवापासनं म्या रोज हितं येऊन गप बसतो. आता जमीन गेली तर जाऊ दे, पर दुसऱ्यांदा पाकळी लावनार न्हाई."

नाना देवळाच्या पायरीवर बसले. ते रडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडं बघत राहिले. सहा वर्षं ज्या इच्छेपुढं मी मान तुकवत होते, ती कुणाची इच्छा होती ते मला तेव्हा कळलं.

आम्ही परत निघालो. विंझरला पाटलीणबाईंनी पुन्हा भाकरी पुढं केली. नानांनी मुकाट्यानं ताट घेतलं आणि भाकरी खाल्ली.

भोरला पोचल्यावर त्यांनी पाय धुतले, दौत घेतली आणि इस्पितळाच्या अर्जावर सही केली. शिरवळला नकार कळवला. सखोबाबांचा कागदही त्याच आठवड्यात पुढं गेला, जमीन राहिली. नानांनी पुढं कधी कौल लावला नाही. ते रोज पहाटे देवासमोर नुसते बसतात. भोरमध्ये काहींना वाटतं, कारकून नास्तिक झाला.

मी पुण्यात नर्स झाले. बाळंतिणींच्या खोलीत काम करते. नातेवाईक देवाची इच्छा म्हणू लागले की मी त्यांना बाहेर बसवते आणि डॉक्टरांना बोलावते. देवाचं काय म्हणणं आहे ते खाटेवर दिसत असतं; बघायला हवं, एवढंच. या एका बाबतीत माझं लक्ष चांगलं आहे.

दुसऱ्या बाबतीत नाही. नाना आता थकलेत. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही. दर महिन्याला त्यांचं कार्ड येतं; त्यात तब्येत आणि हवा, बाकी काही नाही. त्यांना क्षमा करावी का, असं मी देवाला कितीदा विचारलं असेल. उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं होतं. मला पसंत पडलं नाही म्हणून मी परत विचारत राहिले. कधी ड्यूटी होती, कधी लढाईचं निमित्त होतं, कधी मोटारींना पेट्रोल नव्हतं. नानांची मुलगी शोभते खरी.

मोटारी आता कोळशाच्या गॅसवर चालतात. कात्रजच्या घाटात दोनदा थांबतात, कपडे काळे होतात, पण पोचवतात म्हणे. रविवारची रजा मी मागितली आहे. मेट्रननं कारण विचारलं, तेव्हा वडिलांना भेटायचंय असं सांगितलं. हे वाक्य मी गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं.