‘पटत नाही’ची भिंत

नववीला एक कादंबरी शिकवायची होती. तिच्यातलं सरकार घराघरात डोकावतं. वाचण्याआधी मुलांची मतं कळावीत म्हणून मी एका भिंतीवर ‘पटतं’ आणि समोरच्या भिंतीवर ‘पटत नाही’ असे कागद चिकटवले आणि वाक्य वाचलं, ‘गैर काही केलं नसेल, तर झडतीला घाबरायचं कशाला?’

सगळा वर्ग ‘पटतं’कडे पळाला. माझं डोकंच फिरलं. एवढ्या पोरांत एकालाही शंका येऊ नये?

तेवढ्यात एक मुलगी मात्र ‘पटत नाही’च्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तिचे वडील नाशिक रोडला नोटांच्या छापखान्यात आहेत. सुटताना त्यांची रोज झडती होते.

“बाबांना राग येतो का गं?” मी विचारलं.

“नाही मॅडम, त्यांना सवय झालीय,” ती शांतपणे म्हणाली. “घरी आले की ते माझं दप्तर तपासतात.”