प्लेऑफची दाढी

कॅनडातल्या हॅमिल्टनच्या ऑर्विल माझूरला जगात दोनच गोष्टींचा तिटकारा होता: बास्केटबॉल, आणि बास्केटबॉल बघणारी माणसं. उभा जन्म पोलादाच्या भट्टीपुढे काढलेला गडी, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एप्रिलात बर्फावरच्या हॉकीचे प्लेऑफ, म्हणजे बादफेरीचे सामने, सुरू झाले की त्याच्या अंगात यायचं. आपली टीम बाहेर पडेपर्यंत दाढीला वस्तरा लावायचा नाही, हा खेळाडूंचा रिवाज. हा पठ्ठ्या तो तळघरातल्या सोफ्यावर बसून पाळायचा. जणू याच्या हनुवटीचे केस धरूनच टीम लटकली होती!

त्याची मुलगी मार्ला मे महिन्यातली. तिच्या वाढदिवसाच्या फोटोंमध्ये बाप कधी माणसात, कधी अस्वलात. टीमने पहिल्याच फेरीत मार खाल्ला त्या वर्षी चेहरा गुळगुळीत, जरा बरी खेळली त्या वर्षी झिपऱ्या. बायको, नोरीन, गेली तीही मेमध्येच. तिच्या शवपेटीपाशी ऑर्विल तसाच खराटा वाढवून उभा होता, आणि कोटाच्या आत टीमची जर्सी. मार्ला तेव्हा दातओठ खाऊन गप्प राहिली.

बोलली ती स्वतःचं लग्न ठरल्यावर. लग्न मेच्या मध्यावर, शनिवारी दुपारी. "बाबा, मला दुसरं काही नको," ती म्हणाली. "फक्त दाढी करून ये. एकदा तरी माझ्यासाठी."

"टीम अजून आत आहे गं," ऑर्विल म्हणाला. घरात कोणी अत्यवस्थ असावं, असा त्याचा सूर होता.

त्यात भर म्हणजे नवरा मुलगा. रोमेल आब्रेनिका, फिलिपिनो घरातला, आणि त्या घरात सगळे बास्केटबॉलवर जीव टाकणारे. रविवारी तो जेवायला आला की ऑर्विल त्याची सालटी काढायचा. अरे, शंभर शंभर वेळा बॉल टोपलीत पडतो, त्यात टाळ्या कसल्या पिटता? तुमची शेवटची दोन मिनिटं अर्धा तास चालतात, मध्ये माणूस अंघोळ करून येईल. जरा धक्का लागला की आडवे पडून विव्हळतात मेले. आमच्याकडे दात पडला तर तो कुणाच्या तरी हातात देऊन पुन्हा बर्फावर उतरतात. आणि बरोबरी झाल्यावरचा आमचा ओव्हरटाइम! एक गोल झाला की खेळ खलास. तो कधी होईल याचा नेम नाही, लघवीला जायचीसुद्धा सोय नाही.

रोमेल आपल्या आईने दिलेल्या नूडल्स ताटात घेत शांतपणे म्हणायचा, की हॉकीत पक, ती रबरी चकती हो, कुणाच्याही बुटाला लागून आत जातो, त्यात कर्तृत्व कुणाचं? आमच्यात वीस गुणांची आघाडी डोळ्यांदेखत वितळते, आणि बॉल हवेत असतानाच वेळ संपते, तेव्हा सगळ्यांचा श्वास अडकतो.

"श्वास अडकतो म्हणे!" ऑर्विल तोंडातली पेरोगी, ती बटाट्याची करंजी, न गिळताच फिस्कारायचा. "तुमच्यात निष्ठाच नाही. दाढी तरी वाढवता का?"

लग्नाच्या आठवड्यात दोघांच्याही टीम आपापल्या फेरीच्या सातव्या, म्हणजे निर्णायक मॅचपर्यंत आल्या. ऑर्विलची गुरुवारी, रोमेलची नेमकी शनिवारी दुपारी. ऑर्विलला त्याचा केवढा आनंद! नवरा मुलगा चर्चमध्ये चोरून फोन बघताना कसा सापडतो, याचीच तो वाट बघत होता. मार्लाने त्या आठवड्यात बापाला फोन केला नाही.

गुरुवारची मॅच ओव्हरटाइममध्ये गेली. समोरच्यांनी एक साधा, बावळट फटका मारला, आणि पक ऑर्विलच्याच टीममधल्या एकाच्या बुटाला लागून आत गेला. दोन्हीकडचे खेळाडू रांगेने हस्तांदोलन करू लागले तेव्हा त्याने टीव्ही बंद केला. शुक्रवारी सकाळी त्याने वस्तरा काढला.

चर्चच्या दारात मार्लाने बापाचा उघडा चेहरा पाहिला आणि तिचे डोळे भरून आले. क्षणभरच. मॅचचा निकाल अख्ख्या गावाला ठाऊक होता.

"टीम जिंकली असती तर तसाच आला असतास ना?"

ऑर्विलने वाकून बुटाची बांधलेली नाडी पुन्हा बांधली.

"बरं, राहू दे. पण आत जायच्या आधी एकदा म्हण, माझ्यासाठी काढली म्हणून. खोटं असलं तरी चालेल मला."

आत ऑर्गन सुरू झाला. ऑर्विलने गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला.

"ओव्हरटाइमपर्यंत मॅच खेचली होती गं," तो म्हणाला.

मार्लाने डोळे पुसले, त्याच्या कोपरात हात घातला आणि चालू लागली. वेदीपाशी रोमेल उभा होता. त्याची मॅच सुरू होऊन तास उलटला असेल. मुलीचा हात त्याच्या हातात देता देता ऑर्विल न राहवून कुजबुजला, "काय चाललंय तुझ्या टीमचं?"

रोमेलने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो मार्लाकडे बघत होता.

"माहीत नाही," तो म्हणाला. "फोन घरीच ठेवलाय."