आबांच्या पायाशी लागणारी धग

आमच्याकडे एक जुनी पांढरी पिकअप आहे. पुढे दोन रांगांत माणसं बसतात, मागे हौद्यात उसाच्या रोपांचे ट्रे रचता येतात, म्हणून ती वापरलेलीच घेतली. बारामतीजवळ पिंपळीला आमची रोपवाटिका आहे. शेडमधलं सगळं नवरा बघतो आणि गाडी मी चालवते. दर गुरुवारी इंदापूरच्या बाजूला रोपं पोचवायची असतात. त्या फेरीला माझे वडील शेजारच्या सीटवर बसलेले असायचे.

आबा साखर कारखान्यात बॉयलरवर होते. सगळी नोकरी त्यांनी आगीसमोर काढली. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले, कारण मी त्यांची एकुलती एक. गुरुवारची वाट ते बघायचे ती रस्त्यात लागणाऱ्या कळंबच्या मित्रासाठी. दोघं एकाच पाळीत बॉयलरवर होते. मित्राला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू लुळी पडली होती आणि शब्द तोंडातच अडकायचे. फोनवर त्यांचं बोलणं कुणालाच कळत नसे, पण समोर बसलं की आबांना सगळं कळायचं. मी आबांना तिथं सोडून रोपं उतरवायला पुढे जायची आणि दोन तासांनी न्यायला यायची. तोवर त्यांचे पत्ते चाललेले असायचे. मित्राला एका हाताने पत्ते धरून लावता येत नसत, म्हणून आबा ते त्यांच्यापुढे उशीला टेकवून लावून द्यायचे आणि लावताना मान फिरवून घ्यायचे, नजर पडू नये म्हणून. हे मी दारातून बघितलंय.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला गाडीचा एसी बिघडला. घरून निघताना गार हवा यायची आणि भवानीनगर मागे पडेपर्यंत ती कोमट होऊन जायची. त्याच सुमाराला आबांनी पायांची तक्रार सुरू केली.

"पायाला धग लागतीय गं."

आबांना दहा-बारा वर्षांपासून शुगर आहे. पायांची आग होणं हे मी डॉक्टरांच्या तोंडून आधीच ऐकलं होतं, त्यामुळे मला त्यात शोधण्यासारखं काही वाटलं नाही. "शुगर हाय ती, आबा," मी म्हणाले. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनाही तसंच सांगितलं. त्यांनी टाचणीने तळवे तपासले, एक गोळी वाढवली. आबा गोळी नेमाने घेत राहिले.

एसीचं मात्र मी मनावर घेतलं. जळोचीला एक वर्कशॉप आहे, तिथं सकाळी गाडी नेली. मेकॅनिकने दाबाचं घड्याळ जोडून एसीचा गॅस बघितला, थोडा कमी होता तो भरला. डॅशबोर्डवरच्या झरोक्यापुढे हात धरून म्हणाला, "बघा ताई, बर्फागत हवा हाय." होतीच. गुरुवारी अर्ध्या रस्त्यात पुन्हा कोमट. मग त्याने बॉनेटमधली एसीची पुढची जाळी धुतली. उसाच्या रस्त्यांवरचा फुफाटा आणि पाचटाचे तुकडे तिच्यात गच्च बसले होते. ते पाणी बघून मला वाटलं, सापडलं एकदाचं. तरी तेच. मग पंखा बदलला. शेवटी कॉम्प्रेसर थकलाय असं ठरलं आणि तोही बदलून झाला. प्रत्येक वेळी मी गाडी सकाळी थंड इंजिनावर नेत होते. वर्कशॉप घरापासून दहा मिनिटांवर. तिथं जागेवर उभी राहून गाडी छान गार हवा द्यायची.

हे सगळं चालू असताना आबा मला काहीतरी सांगत होते. त्यांचे शब्द मला आठवतात, कारण नंतर मी ते कितीतरी वेळा मनात घोळवलेत.

"निघताना काय न्हाय हुत. गाडी तापली की मग लागतंय," ते म्हणाले. "आन घरी बसल्यावर न्हाय लागत. हितं बसल्यावरच लागतंय."

"बसून बसून पाय अवघडतात तुमचे."

"अवघडल्याचं न्हाय हे. गरम हाय. वाफेची लाईन कुठंतरी गळावी तसं."

मी हसले. पिकअपमध्ये कुठली आली वाफेची लाईन! माणूस म्हातारा झाला की त्याला सगळीकडे आपलं जुनं काम दिसतं, असं मला वाटलं. माझ्या बाजूला तसं काही जाणवत नव्हतं. माझ्या पायांत बूट होते, आबांच्या पायांत चपला, आणि त्याही ते गाडीत काढून ठेवायचे. मी एकदाही खाली वाकून त्यांच्या पायाशी हात लावून बघितला नाही. एवढंच करायचं होतं.

पुढे ते ओला पंचा घेऊन बसायला लागले. तो पायांवर टाकायचे, थोड्या वेळाने पाय वर सीटवर घ्यायचे, मांडी घालायचे, पुन्हा खाली सोडायचे. एका गुरुवारी कळंबला थांबण्याआधी निमगावची रोपं उतरवायची होती आणि कुठल्या बांधावर ते दाखवायला तिथल्या गिऱ्हाइकाला गाडीत घेतलं होतं. रोपं वेळेत उतरवायची घाई, घामाने अंग चिकट झालेलं, आणि आबा पुन्हा म्हणाले, "थांबव जरा, पाय भाजत्यात."

"दर वेळी पाय, पाय! सोसत नाय तर येता कशाला?"

त्या परक्या माणसासमोर मी हे बोलले. तो खिडकीबाहेर बघायला लागला. आबांनी पंचा पिळून घडी घातली आणि पाय खाली ठेवले. घरी येईपर्यंत ते पाय त्यांनी उचलले नाहीत.

पुढच्या गुरुवारी मी गाडी काढली तेव्हा ते शेडमध्ये ट्रे भरत बसले होते.

"चला की."

"न्हाय येत. तू जा. पाय जरा बरं हु दे."

मला खरं तर हलकंच वाटलं. फेरी लवकर उरकणार होती.

कळंबला मी तरी जात राहिले. डबा द्यायचा, विचारपूस करायची, पाच मिनिटांत निघायचं. आबांचे मित्र दाराकडे बघायचे, माझ्यामागून कुणी येतंय का म्हणून. त्यांची बायको त्यांचं बोलणं मला समजावून सांगायची. एकदा ते बराच वेळ काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. काकी म्हणाल्या, "ते म्हणत्यात, डाव अर्धा राहिलाय. त्याला म्हणावं एकदा येऊन जा."

मी निरोप दिला. आबा म्हणाले, "जाऊ की. पाय बरं झालं की जाऊ."

असे सात गुरुवार गेले. आठवा गुरुवार यायच्या आधीच एका सकाळी काकींच्या मुलाचा फोन आला की वडील गेले.

आम्ही तसेच निघालो. आबा शेजारी बसले, पाय वर घेऊन, हातात पंचा नव्हता. पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आबा आत गेले, मित्राच्या उशाशी बसले आणि त्यांचा तो लुळा हात हातात घेऊन बसून राहिले. उठवेपर्यंत उठले नाहीत. काकी त्यांना एवढंच म्हणाल्या, "लई वाट बघितली वो तुमची." त्यात राग नव्हता. आबांनी मान खाली घातली. उत्तर द्यायला हवं होतं ते मी. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

महिनाभराने मी इंदापूरहून एकटीच परत येत होते. इंजिनचा काटा वर चढायला लागला म्हणून रस्त्याकडेच्या एका रेडिएटरवाल्याकडे थांबले. साठीचा माणूस, पत्र्याचं शेड, त्याला जरा कमी ऐकू येत होतं. त्याने बॉनेट उघडलं, एक पाईप झिरपत होता तो क्लिप आवळून बंद केला, पाणी भरलं. इंजिन चालू ठेवून तो इकडेतिकडे हात लावून बघत होता. मधेच थांबला. केबिनमध्ये जाणाऱ्या दोन पाईपांना त्याने आळीपाळीने हात लावला.

"ताई, हीटर चालू ठेवलाय व्हय?"

"हीटर? या दिवसांत?"

"दोन्ही पाईप गरम हायेत. बंद आसता तर एक गार लागला आसता."

त्याने मला हात लावून बघायला सांगितलं. मी लावला आणि लगेच काढून घेतला. मग त्याने डॅशबोर्डखाली डोकं घालून बघितलं आणि एक बारीक केबल बाहेर ओढून दाखवली. तिची क्लिप निसटली होती. गाडीतलं गार-गरम हवेचं बटण निळ्या खुणेवर फिरवलं तरी इंजिनचं गरम पाणी बंदच होत नव्हतं. इंजिन तापलं की ते पाणी हीटरमध्ये फिरत राहायचं आणि एसीची सगळी गार हवा त्यावरून जाताना वाया जायची. गॅस, जाळी, पंखा, कॉम्प्रेसर, कशातच खरा दोष नव्हता. त्याने तारेने केबल जागेवर बांधली. दहा मिनिटांत गाडीत अशी गार हवा यायला लागली की मला काच खाली करावी लागली.

हात पुसता पुसता त्याने विचारलं, "शेजारी कोण बसत न्हाय का तुमच्या? हीटरचा डबा त्या बाजूलाच आसतोय. पाय भाजलं आसतील की बसणाऱ्याचं."

मी त्या सीटपुढच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. त्याला वाटलं, मला ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं.

केबल कधी निसटली तेही मला परतीच्या वाटेवर आठवलं. जानेवारीत एका पहाटे आबा कुडकुडत होते, म्हणून मी ते कधी न वापरलेलं बटण जोर लावून लाल खुणेपर्यंत फिरवलं होतं. काहीतरी कट्‌ वाजलं होतं. आबा म्हणाले होते, "आता बरं वाटतंय."

घरी आले तर ते शेडमध्ये रोपांच्या ट्रेसाठी कोकोपीट कालवत होते. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. पाईप, केबल, डबा. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मधे दोन प्रश्नही विचारले, बॉयलरवरच्या माणसासारखे. पाणी कुठून फिरतं, व्हॉल्व्ह कुठं आहे. मग म्हणाले, "म्हंजी पाय बरं हायेत माजं."

"व्हय आबा."

"मला वाटलं, गेलं."

मी रडायला लागले तेव्हा त्यांनी कोकोपीटचा हात झटकला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. मला त्यांनी बोल लावला असता तर सोपं गेलं असतं. "तुला तरी कसं कळणार," असं ते म्हणाले. पण त्यांना कळलं होतं आणि त्यांनी मला सांगितलं होतं, एकदा नाही, प्रत्येक गुरुवारी.

डॉक्टरांनी ती गोळी बंद केली. आबा पुन्हा गाडीत बसतात, कधी इंदापूरपर्यंत, कधी नुसतंच बारामतीच्या बाजारापर्यंत. कळंबला काकींकडेही एकदा जाऊन आलो.

एक गोष्ट मात्र बदलली ती बदललीच. भट्टीच्या दाराला लांबून तळहात दाखवून आतला विस्तव किती ते सांगणारा हा माणूस आता आंघोळीची बादली भरली की मला हाक मारतो.

"बघ गं, लई गरम न्हाय न्हवं? मला काय कळत न्हाय आता."

मी पाण्यात हात घालते. बहुतेक वेळा ते अगदी नेमकं असतं. "तुमीच बघा की, आबा," असं मी पुष्कळदा म्हणून बघितलं. ते बादलीशेजारी तसेच उभे राहतात, मी सांगेपर्यंत.