कोपऱ्यावरची पाणपोई

लातुरात आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं. आलं, की शेजारच्या गृहस्थाची मोटार सुरू होते. बंदी असताना थेट नळालाच जोडलेली. ती गुरगुरली, की आमच्या नळातून नुसती हवा!

पण पालिकेला शिव्या द्यायला हाच पुढे. तोंडात सुपारी, हात कमरेवर. "गुरुजी, महापालिका झोपा काढायलीय. माणसानं प्यावं काय?" मोटारीचं नाव काढलं, की म्हणतो, "सगळेच लावतात की!"

यंदा त्यानं वडिलांच्या नावानं कोपऱ्यावर पाणपोई घातली. लाल फडक्यात गुंडाळलेले रांजण. फीत कापायला नगरसेवक. मोटारीची तक्रार मी ज्यांच्याकडे केली होती, तेच हे. त्यांनी याच्या गळ्यात हार घातला, 'दानशूर' म्हणाले. शेजारच्या थांब्यावर अहमदपूरच्या गाडीची वाट बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग यानं मलाच पुढं ओढलं. ओगराळं भरलं. "घ्या गुरुजी, लाजू नका. पाण्यासारखं पुण्य न्हाई."

सगळे बघत होते. माझ्याच नळाचं पाणी मी वाकून ओंजळीनं प्यालो. आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "देव तुमचं भलं करो."