सहीबाई

सहीबाईंच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असे. लग्नकार्यातही ती निघत नसे. फार तर तिच्या शेजारी कोणी गजरा माळून द्यायचं. कोणाकडे गेल्या आणि समोर किराण्याची यादी दिसली, तर आधी तिच्यातल्या वेलांट्या दुरुस्त व्हायच्या, मग चहाचा कप उचलला जायचा. मी त्यांच्याच शाळेत शिक्षक होतो, तरी आमच्या घरच्या यादीतलं 'जीरे' त्यांनी दोनदा सुधारलं आहे.

सकाळची शाळा सुटली की त्या इतवारीच्या धान्यबाजारात जायच्या. तिथे गोदामांच्या ओट्यांवर बायका धान्य निवडत, पाखडत बसलेल्या असत. त्यांची भाकर खाऊन झाली की बाई तासभर वर्ग घ्यायच्या. फळा नव्हता. सुपात डाळ पसरायची आणि तीत बोटानं अक्षर काढायचं. जिला स्वतःचं नाव लिहिता आलं तिला अर्धी पेन्सिल बक्षीस मिळे, आणि तीही मग ती अंबाड्यात खोचून बाजारभर मिरवे. "जिथं आपलं म्हणणं, तिथं आपली सही. अंगठा लावाचा नाही वं," हे बाईंचं वाक्य त्या ओट्यांवर मी इतक्यांदा ऐकलंय की मला ते झोपेतही म्हणता येईल. त्यावरूनच त्यांना सहीबाई हे नाव पडलं. खरं नाव शाळेच्या हजेरीपटापुरतं उरलं.

या वर्गाला एक खोली मिळावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. हिवाळी अधिवेशनाला सरकार नागपुरात आलं की अर्ज घेऊन त्या दारात उभ्या. पहिल्या वर्षी अर्जावर सगळे अंगठेच होते. आतला बाबू तो घ्यायला तयार होता, पण बाईंनाच लाज वाटली. "सह्या शिकवून आणते," म्हणाल्या आणि अर्ज परत घेऊन आल्या. त्यात दोन हिवाळे गेले. मी कपाळाला हात लावला. शेवटी सह्यांचा अर्ज गेला, तेव्हा साहेबांनी सांगितलं की असली धोरणं वर ठरतात.

"वर म्हणजे कुठं?" बाईंनी विचारलं.

"विधानसभेत."

"मंग तिथंच जाते."

मला वाटलं, रागानं बोलल्या. पण पुढची निवडणूक लागली आणि बाईंनी खरोखरच अपक्ष म्हणून अर्ज भरला. चिन्ह मिळालं छत्री. मी म्हटलं, "बाई, घरोघरी फक्त 'छत्री' एवढंच सांगा." त्या माझ्यावरच उखडल्या. "चित्र पाहूनच शिक्का माराचा होता, त मी इतके वर्षं काय करून राहिली होती, मास्तर? त्या माहं नाव वाचतीन." मोठ्या पक्षांच्या जीपगाड्या भोंगे लावून फिरत होत्या आणि आमच्या उमेदवार चौकाचौकांत थांबून आपल्या नावातला जोडाक्षराचा भाग समजावून सांगत होत्या.

मतदानाचा सराव घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मी नमुन्याचे कागद वाटले. बायकांनी बाईंचं नाव शोधलं, वाचलं, त्यापुढे शिक्का मारला, आणि खाली आपापली सही केली. वर्गातलं कुठलंही काम त्या सही करूनच द्यायच्या, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही. "शाबास," म्हणत मी कागद गोळा केले.

मतदानाच्या दिवशी त्या ओळीनं आल्या. पूर्वी शिकून गेलेल्याही पोरीबाळींना घेऊन आल्या होत्या. कारकुनानं अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे केला की तो मागे सारून त्या सही करत. मी दारातून हे पाहत होतो आणि मला फार अभिमान वाटत होता.

मतमोजणीला बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. दुपारी निवडणूक अधिकाऱ्यांनी एक गठ्ठा वेगळा काढला. "यांवर मतदारानं नाव लिहिलंय. ओळख पटते. ही मतं बाद." वरची मतपत्रिका त्यांनी आम्हाला दाखवली. शिक्का बाईंच्याच नावापुढे होता, आणि त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं : अनसुया. मला सरावाचे कागद आठवले. बाईंचा हात मात्र अंबाड्याकडे गेला, पेन्सिल निघाली, आणि त्या पुढे वाकल्या.

"बाई, मतपत्रिकेला हात लावता येणार नाही," अधिकारी म्हणाले.

"'सू' दीर्घ पाहिजे," बाई म्हणाल्या आणि मागे बसल्या. मग त्यांनी एकेक मतपत्रिका दाखवायला लावली आणि सगळी नावं वाचली. संध्याकाळी निकाल लागला. त्या पडल्या, आणि जेवढ्या मतांनी पडल्या त्याहून तो गठ्ठा मोठा होता.

"चूक माझी आहे," मी बाहेर आल्यावर म्हणालो. "सरावात मी पाहिलं होतं. शाबासही म्हटलं."

"मीबी तेच म्हणलं असतं," त्या म्हणाल्या. "त्यायले मात्र सांगू नका."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर अनसूयेनंच विचारलं, "बाई, आमी सही केल्ती. दिसली काय तुमाले?"

"दिसली न. एक-एक वाचली." मग त्यांनी सूप ओढलं आणि तिच्याकडून दीर्घ 'सू' दहा वेळा काढून घेतला.

खोली काही मिळाली नाही. बाईंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या पराभवानंतरची निवडणूक आली तेव्हा, उभं राहा म्हणून मी त्यांच्यामागे लागलो होतो. मागच्या खेपेचा हिशेब पाहता या वेळी त्या नक्की निवडून येतील, असं माझं गणित होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"येईन बी," त्या म्हणाल्या. "पण मंग त्यायले सांगा लागन, का सही करू नका. थे माह्याच्यानं होणार नाही, मास्तर."