टगवरचे सात जण

माझे वडील एकाहत्तरच्या युद्धात होते, हे मी चारचौघांत पहिल्यांदा म्हणालो ते यंदाच्या जानेवारीत. फार उशीर केला.

ते मुंबईला नौदलाच्या गोदीत एका छोट्या वाफेच्या टगवर आगवाले होते. टग म्हणजे मोठ्या जहाजाला दोर लावून ओढणारी बुटकी बोट, आणि आगवाला म्हणजे तिच्या पोटात उभा राहून बॉयलरला कोळसा घालणारा. युद्धनौका कितीही मोठी असली तरी गोदीच्या अरुंद तोंडातून तिला टगच बाहेर काढायची. युद्धाच्या दिवसांत बंदरात दिवे बंद. भट्टीचा उजेडही दिसू नये म्हणून वरची झडप ताडपत्रीने झाकत, आणि खाली बाबा घामाने निथळत फावडं मारत. जहाज सुटलं की वरून कुणीतरी ओरडायचं, "गेली रे!" त्यांना युद्ध कळलं ते एवढंच.

लहानपणी मी विचारायचो, "बाबा, तुम्ही लढाईत काय बघितलं?"

"काय नाय रे. आग बघितली."

मला त्याची लाज वाटायची. आंबेनळी घाटाच्या पायथ्याची आमची वाडी. तिथे फौजेतून परतलेले चार-पाच जण होते. त्यांच्याकडे बर्फ, बंदुका, सीमा असं सांगण्यासारखं पुष्कळ. आमच्याकडे कोळसा!

पुढे मी महाडला शिक्षक झालो. वीसेक वर्षांपूर्वी वाडीच्या शाळेत प्रजासत्ताक दिनाला माजी सैनिकांचा सत्कार ठरला आणि शिकलेला म्हणून यादी माझ्या गळ्यात पडली. आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "मला शाल नको. दोन मिनटं बोलायला दे. टगवर आम्ही सात जण व्हतो, त्यांची नावं घ्यायची हायत. दुसरं कोण घेनार?" आणि तिथेच बोटं मोजत सगळी नावं गावासकट मला सांगितली.

मी त्यांना नियम सांगितला. तुम्ही नागरी कामगार, तुमच्याकडे माजी सैनिकाचं ओळखपत्र नाही, लोक म्हणतील मास्तरने बापाला घुसवलं. नियम खोटा नव्हता, पण मी त्याच्याआड माझी लाज लपवत होतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. बाबा "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आले, मागच्या रांगेत बसले आणि प्रत्येक नावाला टाळ्या वाजवल्या. मी माइकवर ऐटीत यादी वाचत होतो. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्यानंतर आमच्या घरात टगचा विषय निघाला नाही.

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आता नौदलात आहे. बाबा टगवर होते म्हटल्यावर तो उठून त्यांच्या पाया पडला. "सर, यांच्याशिवाय एकही जहाज लढाईला गेलं नसतं," म्हणाला. परक्या माणसाने सांगितलं तेव्हा मला अक्कल आली.

यंदा मी बाबांचं नाव यादीत सगळ्यात वर लिहिलं. हाताला धरून त्यांना मंचावर नेलं. हल्ली त्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण टगचं म्हणताच चेहरा उजळला. शाल त्यांनी खुर्चीवर ठेवली, माइक दोन्ही हातांनी धरला आणि नावं घ्यायला लागले. चार नावं खणखणीत आली, गावासकट. पाचव्याला अडले. बोटं मोजली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले.

मग ते माझ्याकडे वळले. "तू मास्तर हायस. तवा मी तुला सगळी सांगितली व्हती. लिवून ठेवली आसशील ना रे?"

"नाही, बाबा," मी म्हणालो. माइक चालू होता.