पिस्तुलाचं दावं

पेडगावच्या आश्रुबानं मला फसवलं, असं मी एक अख्खी दुपार धरून बसलो होतो आणि ऑफिसात चार जणांना सांगूनही टाकलं होतं. मी परभणीत पाटबंधारे खात्यात कारकून. माझं तोंड माझ्या डोक्याच्या आधी चालतं, हे माझी बायको नीलम लग्नापासून सांगत आली आहे.

आमची सुकेशनी दहा मीटरची नेमबाजी करते. हवेवरचं पिस्तूल, त्याला परवाना लागत नाही, पण नवं घ्यायचं तर दीड-दोन लाख मोजा. क्लबाच्या एकाच पिस्तुलावर तिघी पोरी सराव करायच्या, आणि विभागाच्या निवड चाचणीत नेमकी तिघींची एकच वेळ लागली. स्वतःचं पिस्तूल नसेल तर सुकेशनीनं घरी बसायचं, असा सरळ हिशोब होता. चाचणीला आठ दिवस राहिले तेव्हा कळलं, पेडगावात एक जुनं विकायचंय.

आश्रुबा साठीचा, सहा एकरवाला माणूस. पिस्तूल त्याच्या पोराचं, महारुद्रचं. महारुद्र राज्यापर्यंत खेळून आलेला. दोन वर्षांपूर्वी सोयाबीन काढताना मळणीयंत्रात त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तेव्हापासून पिस्तूल कपाटात होतं. आश्रुबा दर अमावस्येला ते बाहेर काढायचा, मऊ फडक्यानं पुसायचा आणि परत ठेवायचा. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं.

सौदा इतका इमानात झाला की मलाच संशय आला. आश्रुबानं भाव पोराला विचारला. महारुद्र खाटेवर बसल्या बसल्या म्हणाला, "पंच्याऐंशी हजार वाजवी हाय. घोडा जरा हलका केलाय मी. नियमानं त्याला पाचशे ग्रॅमचा दाब लागतो, तपासणीत तेवढा भरत न्हाई. आधी नीट करून घ्या." विकणारा स्वतःच खोड सांगतोय! मी घासाघीस करायची तयारी करून गेलो होतो, ती तशीच परत आणली. कमलबाईंनी, म्हणजे आश्रुबाच्या बायकोनं, चहा दिला. महारुद्रनं आपल्या टाकीवरून पिस्तुलाच्या नळकांडीत हवा भरून दिली आणि उठून आत गेला. पेटी आश्रुबानं स्वतः बंद करून आमच्या हातात ठेवली.

चार दिवस पोरीनं झकास सराव केला. गुरुवारी हवेचा काटा खाली आला. क्लबात मोठी टाकी होती, पण पिस्तुलाची नळकांडी तिला जोडायचा अंगठ्याएवढा पितळी तुकडा, अडॅप्टर म्हणतात त्याला, पेटीत नव्हताच. पेटीतली त्याची खाच रिकामी. दुसऱ्यांचे लावून पाहिले, एकही बसेना. पुण्याहून मागवायचा तर आठ दिवस. चाचणी रविवारी.

"पप्पा, भांडू नका," सुकेशनी गाडीवर मागे बसून पेडगावपर्यंत एवढंच म्हणत होती.

मी अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या सुरू झालो. "मामा, एवढे सच्चे माणूस तुमी, अन् एवढ्याशा तुकड्याची चोरी?"

आश्रुबा चिडला नाही. त्याला नवलच वाटलं. "चोरी कशाची, साहेब? दावं हाय ते. बैल इकला म्हनून कोनी दावं देतं का?"

आमच्या घरात कधी बैल नव्हता. पण बाजारात नवं दावं खांद्यावर टाकून बैल घ्यायला निघालेली माणसं मी लहानपणापासून बघत आलोय. जनावर जातं, दावं घरी राहतं. ते दिलं तर गोठ्याची बरकत जाते, पुन्हा तिथं जनावर उभं राहत नाही. महारुद्र त्या तुकड्यानं पिस्तूल टाकीला बांधायचा, हे आश्रुबानं पाहिलेलं. म्हणून तेच दावं. त्यानं ते लपवलंही नव्हतं. देवापाशी ठेवलं होतं.

"त्याच्याबिगर ते चालत न्हाई, मामा," मी म्हणालो. माझा आवाज आपोआप खाली आला होता.

"माझ्या बापानं न्हाई दिलं कधी, मी न्हाई देनार. पैसे वापस घ्या पायजे तर." आश्रुबानं मान दुसरीकडे वळवली. सुकेशनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या म्हाताऱ्याचा राग येत होता आणि कीवही येत होती.

महारुद्र दारात येऊन उभा राहिला. "अप्पा, दावं ठिवलं तर गोठ्यात बैल येतो. माजी बोटं येनार हायत का?"

कमलबाई सुपात डाळ पाखडत होत्या. त्यांचे हात थांबले. आश्रुबा गुडघ्यावर हात देऊन उठला, आत गेला आणि तो तुकडा घेऊन आला. त्याला हळद-कुंकू लागलेलं होतं. महारुद्रनं डाव्या हातानं तो घेतला, शर्टाला घासून आटे स्वच्छ केले आणि सुकेशनीला दिला. "कचरा राहिला तर हवा गळती. दर बारीला पुसत जाय."

मी माफी मागायला तोंड उघडलं. आश्रुबाचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो बायकोला सांगत होता, "म्हंजी आता इकलं बग, कमल."